पाइपवरून पहिल्यांदा घसरण्याचा मान

ॲन आर्बर, मिशिगन
बुधवार, १४ जानेवारी २००४

ती. नंदूभाऊ यांस,

दोन स्वेटर, एक कानटोपी आणि वरून तुमच्या बहिणीची शाल, एवढ्याच्या आतून यतीनचा साष्टांग नमस्कार. वहिनींची कंबर कशी आहे? नागपुरात यंदा कडाक्याची थंडी आहे असं तुम्ही फोनवर म्हणालात तेव्हा मी हसलो नाही, याची नोंद घ्यावी. आम्ही सगळे खुशाल आहोत. (रविवारपर्यंत तरी. रविवारचं पुढे येतंच आहे.)

बाबांचं परतीचं तिकीट एप्रिलवरून फेब्रुवारीवर आणायचं का, असं तुम्ही विचारलं होतंत. मी फोनवर नुसतं 'बघू' म्हणालो, कारण फोन हॉलमध्ये आहे आणि फोनशेजारच्या खुर्चीत तुमचे वडील. आई गेल्यानंतरची त्यांची इथली ही पहिलीच खेप. आल्यापासून ते त्या खुर्चीत बसून खिडकीबाहेरचा बर्फ बघत होते. तक्रार नाही, त्रास नाही. चहा दिला की घ्यायचे आणि संध्याकाळ झाली की 'मी इथं काय करून राहिलो?' एवढंच विचारायचे. आसावरी तेवढ्यापुरती दुसऱ्या खोलीत जायची. मलाही फार वाईट वाटायचं, भाऊ.

मग रेणूने पाइपची टूम काढली. तुमची भाची आता तेरा वर्षांची आहे आणि स्की शिकते आहे. इथल्या पोरांमध्ये एक खूळ आहे. बर्फात एक बुटका, लांबलचक कठडा उभारायचा, उतारावरून स्कीवर भरधाव यायचं, उडी मारून त्या कठड्यावर चढायचं आणि घसरत पलीकडे उतरायचं. (आपण जो कठडा धरून चालतो, त्याच्यावर हे उभे राहणार!) त्याला रेल म्हणतात. खरी रेल लोखंडाची, घरगुती रेल प्लास्टिकच्या पाइपची. 'पाइप' हा शब्द कानावर पडला आणि बाबा खुर्चीतून उठले. ज्या माणसाने पाणीपुरवठा खात्यात राहून अख्ख्या विदर्भात पाइप टाकले, तो माणूस आपल्या नातीचा पाइप दुसऱ्या कोणाला निवडू देईल होय?

त्या दिवसापासून गॅरेजमध्ये बाबा आणि रस्त्यावर आमची गाडी. दोन पाइप शेजारी शेजारी फळीवर बसवले, स्क्रूची डोकी आत बुडवली, काचकागद मारला, वरून मेणबत्ती घासली. नळीत पाणी भरून लेव्हल बघायला गेले, तर पाणी नळीतच गोठलं. विदर्भातला पाइप उन्हाने वाकतो, म्हणून रेलला हात-हातभर अंतरावर टेकू दिले आणि वर पांढरा रंग फासला. मिशिगनच्या जानेवारीत ऊन कुठलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. कारण ते जेवताना बोलायला लागले होते, भाजी दुसऱ्यांदा मागायला लागले होते.

इथवर सगळं गोड. रविवारी आमच्याकडे तिळगुळाला मंडळाची माणसं येणार आहेत. तेव्हाच रेलचं उद्घाटन करू, असं बाबांनी गेल्या आठवड्यातच जाहीर केलं. मी म्हटलं, वा! रेणू म्हणाली, "ओके, आय गो फर्स्ट." बाबांनी हातातला घास खाली ठेवला. "असं कसं? घरात जावई असताना पहिला मान लेकराचा? जावईबापूच पहिले जातीन."

भाऊ, मी पुण्याचा माणूस. घसरणे ही क्रिया मी आजवर फक्त बाथरूममध्ये केलेली आहे (अनिच्छेने). परवा कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत न्यायला निघालो, तर डबा उभा पोचला आणि मी आडवा. पण नाही कसं म्हणू? दिवाळसणाला मी 'मानपान कशाला?' एवढंच म्हणालो होतो, तर बाबा भरल्या ताटावरून उठले होते. (लग्नात माझा कान पिळायचा मान तुम्ही मात्र चोख वसूल केलात.) आणि आता कुठे ते खुर्चीतून उठलेत. माझ्या एका नकाराने ते परत तिथे जाऊन बसले तर? हाडं मोडण्यापेक्षा मला त्याची भीती जास्त वाटते. (हाडांचीही वाटते.) झोप उडाली आहे. ऑफिसच्या जिन्याचा कठडा दिसला तरी तळहाताला घाम फुटतो. रेणू रोज मागच्या अंगणात मला स्कीवर उभं करते आणि म्हणते, "डॅड, जस्ट डोंट लुक डाउन." पण शेवटी जायचं आहे ते खालीच ना!

अधिक काय लिहू? वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला (आजमितीस अखंड),
यतीन

ता. क. गुरुवार, २२ जानेवारी. पत्र टाकायचं राहून गेलं. माझा उजवा हात गळ्यात बांधलेला असल्यामुळे अक्षर आसावरीचं आहे. रविवारी सगळे मागे जमले. मी वर उतारावर, पायांत स्की चढवून. बाबांनी रेलला हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडायला दगड शोधला, तर दगड सगळे बर्फाखाली. म्हणून त्यांनी नारळ रेलवरच हाणला. नारळ जसाच्या तसा राहिला आणि रेलचं पुढचं टोक काचेसारखं फुटून बर्फात विखुरलं. हा पाइप एवढ्या थंडीत तडकतो, हे इथे आम्हाला नंतर कळलं. माझा जीव भांड्यात पडला. स्की सोडायला मी वाकलोसुद्धा. तेवढ्यात बाबांकडे लक्ष गेलं. कोणी हसलं नव्हतं, पण जो तो आपल्या बुटांकडे बघत होता. बाबा हातात नारळ घेऊन उभे होते आणि चेहरा अगदी खुर्चीतला. "चला, आत चहा घेऊ," एवढंच म्हणाले. मी वरून ओरडलो, "बाबा, अर्धी अजून शाबूत आहे! माझा मान मी सोडणार नाही!" आणि निघालो. (निघाला नाही, पाय सटकला. - आसावरी.) रेलवर मी क्षणभर ताठ उभा होतो. (हे फक्त बाबांनी पाहिलं. - आसावरी.) मग उरलेली रेल माझ्याखाली कडाडली आणि मी मनगटावर आलो.

आता बाबा मला भात कालवून देतात, शर्टाची बटणं लावतात, दाढी करतात. गॅरेजमध्ये थंडीत न फुटणारा काळा पाइप आणून ठेवला आहे. संध्याकाळचा प्रश्न बंद झाला. काल तुमच्या काकांचा फोन आला, तर बाबा त्यांना सांगत होते, "वेळ कुठं आहे? जावयाचं करून राहिलो." तेव्हा मुख्य विनंती अशी, की तिकीट बदलू नका.

ता. क. २. शुक्रवार, ऑफिसातून, स्वहस्ते. अक्षर ओळखलंत ना? काल डॉक्टरांनी हात पुन्हा पाहिला. हाड मोडलेलं नाही, मनगट नुसतं लचकलं होतं. पट्टा काढा आणि हात वापरायला लागा, म्हणाले. आज इथे पोचल्यावर काढला, घरी जाताना बसमध्ये पुन्हा बांधणार. डॉक्टर, मी आणि आता तुम्ही सोडून हे कोणालाही माहीत नाही. आज सकाळी बाबांनी खाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या बांधल्या आणि उठताना सहज गुणगुणले. आई गेल्यानंतर मी त्यांचा सूर ऐकला नव्हता. एप्रिलपर्यंत हा हात बरा होणार नाही.