नाडी शहात्तर, श्वास अठरा

२ जून
आले बाई एकदाची! होस्टेलची खोली एवढीशी की कूस बदलायची तर आधी खुर्ची बाहेर ठेवावी लागेल. पण खिडकी माझी! भिंतीवर बेत चिकटवला: तीन वर्षं नर्सिंगचा डिप्लोमा, दोन वर्षं नोकरी करून कर्ज फेडायचं, मग डिग्री. आईने घर तारण ठेवलंय. सकाळी वर्ग, दुपारी वॉर्डात काम. त्यावर निम्मी फी माफ. एक तक्रार आली की माफी बंद. मी तक्रारीला जागा ठेवेन तर ना!

९ जून
आठ खाटांचा वॉर्ड, बायका-पुरुष एकत्रच. दर दोन तासांनी प्रत्येकाची नाडी आणि श्वास पूर्ण मिनिटभर मोजून चार्टवर लिहायचे. मोजतंय कोण! सीनियर मुली म्हणाल्या, डोळे मिटून नाडी शहात्तर, श्वास अठरा लिही, सगळ्या पाळ्यांत तेच चालतं. लिहिते. तेवढ्यात पुस्तकाची चार पानं उरकतात.

१७ जून
खाट सातवरच्या मास्तरांचे दोनचे आकडे लिहिले आणि चादर सारखी करताना हात लागला. गार. बोटं ताठरलेली. जाऊन बराच वेळ झाला असणार, म्हणजे बाराचे आकडेही खोटेच. सांगितलं तर फीमाफी गेली, मग घर गेलं. उभ्या उभ्या रडू फुटलं. तेवढ्यात मास्तरांची छाती हलली. या खेपेला मी मोजले. बरोब्बर अठरा.

१९ जून
मास्तर उठून बसतात. त्यांची लेक माझे हात धरून म्हणाली, तुमच्यामुळे बाबा वाचले. वास कसला येतोय, असंही तिने विचारलं. मी खिडकी उघडली. चारचे आकडे लिहायला जरा उशीर झाला, तर मास्तरांचा श्वास थांबला. लिहिले. सुरू झाला.

२१ जून
आईचे पाय सुजलेत. तिला खाट आठवर दाखल केलं. मला युनिफॉर्ममध्ये बघून तिचे डोळे भरून आले. आज चाचणी होती, धावतपळत आले. तिचेही आकडे घाईघाईत तसेच लिहिले.

२४ जून
मास्तरांनी मनगट धरलं. पुरे कर पोरी, म्हणाले. हे पाप आहे, कळतंय मला. पण घर —
लिहिले.

२५ जून
नाही सहन होत. त्यांच्या उघड्या डोळ्यांवर माशी बसली होती. शेवटी खरं लिहिलं. नाडी शून्य, श्वास शून्य. मास्तर आडवे झाले, शांत. सिस्टर ओरडल्या. तक्रार होणार. होऊ दे.

म्हटलं, आता सगळ्यांचे नीट मोजून —

खाट सहा. नाडी नाही. आजोबा माझ्याकडे बघून हसताहेत. पाच, नाही. चार —

चार्टच्याच मागे लिहितेय. आई हाक मारतेय. तिने आपणहून हात पुढे केलाय. गार लागतोय. नाही, माझीच बोटं गार असतील. पूर्ण मिनिट मोजायचं असतं. वीस सेकंद. काही नाही. चाळीस. आई म्हणतेय, एवढी घाबरलीस का गं. पन्नास —