नमस्कार नंतर

३ फेब्रुवारी, सोमवार. ट्रुगानिना, मेलबर्न.
सकाळी वजन १४१ किलो. झकास.
अमेरिकेतून मेल, तिकडच्या फुटबॉलच्या एका टीमचा. त्यांचा लाइन कोच १५ तारखेला मेलबर्नला येतोय. चार जणांना बघणार, कॅम्पला एकालाच नेणार. तो एक मी. बाकीच्या तिघांना अजून माहीत नाही, एवढंच.
दोन सीझन तिकडे प्रोफेशनल टीमच्या सराव-पथकात काढलेत. मग नारळ मिळाला. वय सव्वीस. ही संधी हुकली तर पुढची नाही, हेही ठाऊक आहे.

६ फेब्रु., गुरु.
आईला माझं काम परत एकदा समजावलं. लेफ्ट टॅकल. क्वार्टरबॅक बॉल फेकेपर्यंत त्याच्या अंगावर कुणाला येऊ द्यायचं नाही. आई: "म्हणजे तुला बॉल कधीच देत नाहीत? इतकी वर्षं? विचारून तरी बघ की रे, निन्या."
पुण्याहून मावशीचा फोन. गुडघा कसा आहे? म्हटलं, मस्त. गुडघ्याला कधी काही झालंच नव्हतं. तिकडून काढलं, त्याला ही थाप मीच शोधली. खरं कारण... नको आज.

८ फेब्रु., शनि.
लिहितोच. लाइनमनने वाकून एक हात जमिनीला टेकवायचा आणि बॉल उचलला जाईपर्यंत केसभरही हलायचं नाही. हललं की शिट्टी, फॉल्स स्टार्ट, टीम पाच यार्ड मागे.
मी हलतो. शेजाऱ्याच्या बुटाला पाय लागला की माझा हात आपोआप उठतो, त्याच्या खांद्याला लागतो, तिथून छातीला. नमस्कार! एरवी मॅचभर माणसं आडवी करतो, तुडवतो, तेव्हा काही वाटत नाही. पण त्या दोन क्षणांच्या शांततेत पाय लागला की मी पहिलीत जातो. तिकडे शेवटच्या सराव-मॅचमध्ये तीनदा. तिसऱ्यांदा गोल लाइन दोन यार्डांवर होती. कोचला कारण सांगायची लाज वाटली.
आज क्लबच्या सरावातही झालं. शेजारी लॅची. दिवसा काँक्रीट ओततो, संध्याकाळी गार्ड खेळतो. "मेट, डिड यू जस्ट ब्लेस मी?"

९ फेब्रु., रवि.
जेवताना आईला खरं ते सांगितलं. वाटलं, हसेल. हात धुऊन बॅकयार्डात आली. "बस तुझ्या त्या पद्धतीने." शेजारी स्वतःही वाकली. एकसष्ट वर्षांची बाई. "आता माझ्या पायाला पाय लाव. आणि हलू नकोस."
नाही जमलं. सहा वेळा हात उठला. आई वैतागली. "मीच शिकवलंय ना तुला? मग मीच सांगतेय. नमस्कार नंतर कर. देव काय पळून चाललाय?"
सातव्यांदा राहिलो. आईला पाय लावून तसाच. फार वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. तिने "हं" म्हटल्यावर वाकून नमस्कार केला.
आत जाताना म्हणाली, "गुडघे गेले माझे." चला, घरात एकाचा तरी गुडघा खरंच दुखतोय.

१२ फेब्रु., बुध.
१४२. रोज आईची मॉर्निंग शिफ्ट संपली की वीस वेळा. काल हात एकदा उठला, आज शून्य. कुंपणावरून पंजाबी आंटी: "बेटा, मम्मी को लात क्यों मार रहा है?" आई: "प्रॅक्टिस है जी."

१५ फेब्रु., शनि.
झाली ट्रायल. ऊन मरणाचं. बाकीचे तिघे चांगले आहेत, एक तर फारच. तरी मी जास्त चांगला.
लाइन भरायला क्लबची पोरं होती; शेवटच्या सेटला शेजारी लॅची. खाली वाकलो आणि त्याचा बूट माझ्या पायाखाली. हात गवतावरच राहिला. बॉल उचलला, समोरचा आला, त्याला वळवून पाठीवर झोपवला. क्वार्टरबॅकला वाराही लागला नाही.
मग परत येऊन लॅचीच्या खांद्याला हात, छातीला हात. नाही केला असता तर जेवण गेलं नसतं.
अमेरिकन कोचने बघितलं. "व्हॉट्स दॅट?" पहिल्यांदाच सगळं सरळ सांगितलं, तिकडच्या तीन वेळांसकट. "ओह," म्हणाला, "सो दॅट्स व्हॉट दॅट वॉज." म्हणजे जुने व्हिडिओ बघून आलाय. "आणि आता?" म्हटलं, आता नंतर. वहीत काहीतरी लिहिलं. चेहरा कोरा. फोन उद्या सकाळी.

१६ फेब्रु., रवि.
फोन ओट्यावर, मी ओट्यापाशी, आई चहा गाळतेय. मी असल्यावर त्या किचनमध्ये जागा ती काय उरणार? तिला पाय लागला. मी सवयीने थिजलो. ती म्हणाली, "अरे, इथे कोण शिट्टी मारतंय? कर की."
वाकलो आणि फोन वाजला. हात तिच्या पायाशी होता, छातीपर्यंत यायचा होता. येऊ दिला. तोवर रिंग बंद. नंबर अमेरिकेचा.
आई ओरडतेय, "लिहीत काय बसलायस, लाव ना परत!"
लावतो.