विंगेतली बाई

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

माझं काम गेलं! अठ्ठावीस वर्षं आमच्या रामाकोना गावच्या दंडारीत, म्हणजे दिवाळीनंतरच्या लोकनाट्यात, बाई म्हणजे मी. साडी, अंबाडा, मिशी साफ. आज आशिष म्हणाला, "गुणवंताकाका, यंदा बाईचं काम बाईच करन." हा आशिष नागपूरला नाटकाच्या शिबिरात तीन महिने राहून आला. तीन महिन्यांत माणूस इतका शिकतो, हे मला ठाऊक नव्हतं. काम दिलं उर्वशीला — सौंसरला कॉलेजात आहे. मुलगी चांगली आहे, तेच तर वाईट.

२५ ऑक्टोबर

बायकोला सांगितलं. अनुराधा वांगी चिरत होती. "बरं झालं," म्हणाली.

तिने माझी दंडार एकदाही पाहिलेली नाही. लग्नाच्या साली तिच्या मोहगावच्या भावाने चारचौघांत विचारलं होतं, "बाई, तुह्या घरी नवरा आहे का जाऊबाई?" तेव्हापासून दंडारीच्या वेळेला हिला बरोबर काहीतरी काम निघतं. एकदा तरी तिने मला पाहावं, एवढीच माझी इच्छा होती. आता तेही संपलं.

२८ ऑक्टोबर

आज आशिषचा धडा झाला: यंदा दंडार नाही, नाटक. दिलीपभाऊच्या कापसाच्या दोन ट्रॉल्या जोडून, बाजूचे फाळके पाडून रंगमंच. प्रेक्षकांकडची बाजू डाउन स्टेज, मागची अप स्टेज. उजवी-डावी नटाची, पाहणाऱ्याची नाही. बाजूचे पडदे म्हणजे विंगा. मागे मोठा पडदा, आणि त्याच्या पलीकडे कोणी डोकवायचं नाही.

दंडारीत एवढं लागत नसे. मधात आम्ही, चारी बाजूंनी माणसं. पाठ कोणाकडे करायची हा प्रश्न नव्हता, कोणाकडे तरी व्हायचीच.

मला विंगेत प्रॉम्प्टर नेमलं. म्हणजे ज्याला सगळ्यांचं पाठ आहे आणि जो कोणाला दिसू नये असा माणूस. बढतीच म्हणायची.

१ नोव्हेंबर

उर्वशी वाक्यं विसरते. मी विंगेतून सांगतो. पण वाक्याबरोबर माझा हातही उठतो, मान वळते. आशिष चिडला — "काका, तुमी कायले ॲक्टिंग करून राहिले? फक्त सांगा ना." हात खिशात घालून सांगून पाहिलं. शब्दच आठवेनात.

३ नोव्हेंबर

अनुराधाला म्हटलं, आता तरी चल, मी साडीत नाही. "मंग कायले येऊ?" म्हणाली.

५ नोव्हेंबर, बुधवार

झालं नाटक. दुपारी तीनला, कारण संध्याकाळी लाइटचा भरवसा नाही. खुर्च्या समोर मांडल्या होत्या. पण गाव बसलं आपल्या सवयीने — दंडारीला ज्याची जी जागा, तिथेच. म्हणजे निम्मी माणसं पडद्याच्या मागे!

आशिष हात जोडत फिरला. "समोर बसा, मागून काही दिसत नाही." म्हातारे दादाजी हलेनात. "मी चाळीस वर्सापासून याच दगडावर बसून राहिलो. तुमीच तोंड इकडं करा." शेवटी तसंच सुरू केलं.

समोरच्यांना मी दिसत नव्हतो, विंग आड होती. मागच्यांना फक्त मीच दिसत होतो. वही हातात धरून दहा मिनिटं नीट उभा राहिलो. मग वही कुठे ठेवली, आठवत नाही. उर्वशी तिकडे रडली, मी इकडे. मागची टाळी समोरच्या टाळीच्या आधी पडू लागली. आशिषला वाटलं, मागे दंगा चालला आहे.

जाताना दादाजी म्हणाले, "बाई चांगली झाली." कोणती, ते बोलले नाहीत. खूप बरं वाटलं, आणि घरी आल्यावर तितकंच वाईट. घरी कोणाला सांगायचं?

६ नोव्हेंबर

सकाळी चहा ठेवताना अनुराधा म्हणाली, "दुसऱ्या अंकात तुमचा पदर घसरला होता. पण सांभाळला बराबर."

मी तर पँट-शर्टात होतो.