चमेलीबाईंच्या बांधीतला हरभरा

३ नोव्हेंबर २०१२
पुन्हा हसले सगळे! संस्थेने मला शेतीच्या कामासाठी या गावी पाठवून दोन महिने झाले, ही तिसरी सभा. मी म्हटलं, धान निघाल्यावर बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, रिकाम्या पडतात, मातीत ओल असते, त्या ओलीवरच हरभरा येतो. दुधराम पटले — इथले मोठे शेतकरी — लगेच उभे. "म्याडम, धान कापला का आमी ढोरं मोकळी सोडतो. हरभरा पेरून कोणाले चारून राहिल्या?" हशा! खरं सांगायचं तर मलाही हसू आलं. चूक काय बोलले? एकट्याने पेरला तर गुरंच खाणार.

९ नोव्हेंबर
चमेलीबाई मडावी खोलीवर आल्या. अर्धा एकर, तळ्याखालची एकच बांधी. नवरा पतिराम दर हिवाळ्यात नागपूरला बांधकामावर जातो, होळीलाच परततो. "माह्या बांधीत पेरा. पोरीले बाप दिसत नाई चार-चार महिने. राखण मी पाहून घेतो." पतिराम म्हणे, "येडी झाली का?" आणि गेला नागपूरला.

१७ नोव्हेंबर
पेरणी! बियाण्याला गुळाच्या पाण्यातून जिवाणू खत चोळलं. काळंकुट्ट असतं ते. शेजारच्या सुशिलाबाई — "हरभऱ्याले काजळ लावून राहिल्या का वो?" माझे हात कोपरापर्यंत काळे.

१६ डिसेंबर
बकऱ्या शिरल्या. चमेलीबाई पाण्याला गेल्या तेवढ्यात. अर्ध्या बांधीचे शेंडे साफ! मी बांधावर बसून रडले. लाजही वाटली — शेत त्यांचं, रडते मी! त्या म्हणाल्या, "रडता कायले? शेंडे खाल्ले, मुळं हायेत ना?" आणि एकदम आठवलं — रोप महिन्याचं झालं की शेंडे खुडायचेच असतात, फांद्या फुटतात! मीच सांगणार होते या आठवड्यात. मग दोघींनी उरलेल्या अर्ध्याचे शेंडे खुडले. जेवायला त्याचीच भाजी. भात दोनदा घेतला.

१७ डिसेंबर
बोरीच्या काट्यांचं कुंपण. हात सोलवटले.

२० जानेवारी २०१३
फुलं! दुधरामभाऊ रोज गाडी थांबवतात. "सहज थांबलो." आज एक झाड उपटलं. मी मुळावरची गाठ नखाने फोडून दाखवली — आत गुलाबी. म्हटलं, हे झाड आपलं खत बरंचसं आपणच करतं.  ते झाड घेऊनच गेले.

४ मार्च
मळणी. दोन पोती भरून वर टोपलंभर! चमेलीबाईंनी एक पोतं बियाण्याला बाजूला ठेवलं. तेवढ्यात दुधरामभाऊ आले.
"चमेली, बियाणं दे थोडं."
"देतो. पयले साऱ्या गावाची ढोरं बांधाचं ठरवा. मंग या."
 तीन सभांत मला जे मागता आलं नाही, ते यांनी पोत्यावर बसल्या-बसल्या मागितलं. भाऊ रिकाम्या हाताने गेले. पण आज हसले नाहीत.

१९ ऑक्टोबर
सभेची सूचना घेऊन गावात गेले. सुशिलाबाई म्हणाल्या, "सभा? कालच झाली ना." मला कोणी बोलावलंच नाही! आणि ठरलंसुद्धा — धानानंतर गुरं मोकळी सोडायची नाहीत. गुराखी जंगलाकडे चारून आणणार, बाकी वेळ गोठ्यात. गुराखी दुधरामभाऊंनीच शोधला. एकवीस घरं पेरणार. पतिराम यंदा नागपूरला जाणार नाही. दिवसभर मी जरा फुगलेलीच होते. संध्याकाळी कळेना, फुगले कशाला!

२३ ऑक्टोबर
एसटीच्या थांब्यावर जवळच्याच प्रतापगड गावचे दोन शेतकरी. "हरभऱ्यावाल्या म्याडम कुठी राहतात?" मी ओढणी सावरून म्हटलं, "मीच." दोघे एकमेकांकडे पाहत राहिले. "नाई वो बाई. चमेली म्याडम."
दारापर्यंत पोचवून आले त्यांना.