डूगल आणि ईवन, माझे दोघे

देवाला स्मरून मी बेथॉक, विणकर फिनलेची विधवा, राहणार पर्थ, हे लिहवून घेते. अंगात ताप आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. मला कुणी भरीस घातलेलं नाही. तसा माणूस अजून जन्मायचाय.

आत्मा देवाचा. देह नवऱ्याशेजारी पुरावा.

नदीकाठचं घर आणि माग माझा मुलगा डूगल, राजाचा द्वारपाल, याला. मात्र चुलीजवळच्या खोलीत मारिओता आणि तिची मुलगी हयातभर राहतील. मारिओता माझ्या ईवनची बायको. ईवन सरदाराचा मुलगा, पण इकडच्या रीतीने तान्हेपणीच माझ्याकडे वाढायला दिला. डूगलबरोबर त्यालाही मी अंगावर पाजलं. राजाला मारायच्या कटात तो सापडला. मान कापली गेली, घरदार जप्त झालं. या मायलेकींना आता दुसरं छप्पर नाही.

लाल गाय मारिओताला. लाथा मारते, पण दूध घट्ट देते. भाकरीचा तवा शेजारच्या युफेमियाला मुळीच देऊ नये. ईवनचं मुंडकं वेशीवर लावलं तेव्हा बया नटूनथटून बघायला गेली होती.

आता डूगल, नीट ऐक. ईवनने तुला राजाच्या दाराची कडी काढून ठेवायला सांगितलं. तू त्याचे पाय धरलेस, तो ऐकेना, तेव्हा तू राजाला सांगितलंस. तेव्हापासून घरी फिरकला नाहीस. माझे निरोपही दारातूनच परत धाडतोस. आईला तोंड कसं दाखवू, हेच ना? अरे वेड्या!

तुरुंगात मी ईवनला भेटले. म्हणाला, "आई, डूगलला सांग, कडी काढली नाहीस ते बरंच केलंस. लहानपणापासून माझं एक ऐकेल तर शपथ!" हसला रे, मग रडला. मी दोघांसाठी रडले. एकासाठी जास्त, एकासाठी कमी, हे मला जमलं नाही.

इथे लिहिता लिहिता पाद्रीबाबा थांबले. "बाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात."

"मी गेल्यावर त्याला जेवायला कोण वाढणार? लिहा."

निरोप नाकारता येतो, पण वारसाला मृत्युपत्र ऐकावंच लागतं. म्हणून पाद्रीबाबांनी हे उद्याच नेऊन डूगलला वाचून दाखवावं. मी आहे तोवर ये, बाळा.

बेथॉक, निशाणी फुली.
पर्थ, संत मार्टिनच्या सणाचा दिवस.
साक्षीदार: पाद्री अँड्रू, विणकर मर्डॉक, निशाणी फुली.

मारिओताला वाटा मिळतो, म्हणून तिची साक्ष चालत नाही. तरी तिने हट्टाने खाली एवढं लिहवून घेतलं: "भाऊजी, या."