भंडाऱ्यातली मिठी

आबा, काल काकू माझ्या कॉलेजात आली होती. तात्यांची बायको. तुमच्या या चुलतभावाच्या घराशी आपल्यातलं कोणी सतरा वर्षं बोललेलं नाही. वर्गाबाहेर चपला काढून उभी होती. म्हणाली, "पोरी, म्हातारं हर्सूलच्या जेलातच मरंल आता. मला दुसरं काय नगं. तू त्यांला कुऱ्हाड मारताना बघितलं व्हतंस का, तेवढं सांग." मी म्हटलं, "माझा तास आहे," आणि आत गेले.

तास मेदिची घराण्याचा होता. मी ते तुमच्याकडूनच शिकले. नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळा पाहिली नाही. मेंढरांमागं फिरताना तुम्हीच शिकवायचात. क्रांती चौकातल्या रद्दीवाल्याकडून आणलेलं, पुठ्ठा गेलेलं युरोपच्या इतिहासाचं पुस्तक. आई तीन दगडांवर भाकरी भाजते आहे आणि तुम्ही वाचता आहात: सावकारीतून वर आलेलं घराणं, फ्लोरेन्स शहर मुठीत ठेवणारे दोन भाऊ. मारेकरी धाकट्याला चर्चमध्ये न्यायला येतात आणि वाटेत हसत हसत मिठी मारतात. "अंगरख्याखाली चिलखत हाय का, ते चाचपाया," तुम्ही म्हणता, "लई हरामी." मग ऐन प्रार्थनेत हत्यारं निघतात. धाकट्याच्या अंगावर एकोणीस जखमा. थोरला मानेतून रक्त गळत आतल्या खोलीत पळतो आणि दार लावून घेतो. तिकडून कोकराला दूध पाजणारे धाकटे काका ओरडतात, "दादा, पोरीला सायबाच्या मुलखातल्या मारामाऱ्या कशाला शिकवतो? आपल्यातल्या कमी पडल्या व्हय?" आपण सगळे हसतो.

तेच धाकटे काका, तुमचे सख्खे भाऊ. चराईच्या रानावरून त्यांचं आणि तात्यांचं वर्षभर पेटलेलं होतं. पण आपल्यात भांडण कितीही असो, बिरोबाच्या पालखीवर भंडारा भावकीनं एकत्रच उधळायचा. त्या दिवशी ढोल चढतो, मुठी वर जातात आणि सगळं पिवळं होतं. मला माझा हातसुद्धा दिसत नाही. फक्त आवाज ऐकू येतो, ओल्या लाकडात कुऱ्हाड बसावी तसा, दोनदा. भंडारा खाली बसतो तेव्हा काका पडलेले असतात. फुटलेल्या डोक्यातल्या रक्तात हळद कालवली गेली आहे आणि त्यांचा एक पाय अजून जमीन खरवडतो आहे. कुऱ्हाड मातीत पडलेली. भोवती आठ-दहा माणसं, सगळ्यांचे हात पिवळे. सर्वांत जवळ तात्या, गुडघ्यांवर.

दुपारी आपल्या माणसांनी तात्यांच्या मेंढवाड्यात घुसून मेंढरांचे गळे चिरले. त्यांचे म्हातारे वडील जत्रेला आलेच नव्हते, तरी काठ्यांनी त्यांचा जबडा फोडला. तुम्ही तिथं होतात आबा, आणि कोणाचा हात धरला नाहीत.

मग फौजदारांनी मला विचारलं. मी बारा वर्षांची. मी म्हटलं, "तात्यांनी आधी काकांना मिठी मारली. पाठ चाचपली. मग कुऱ्हाड उचलली." रडणाऱ्या बायका थांबल्या. पुढं कोर्टात वकील म्हणाले, एवढा बारकावा लहान पोर मनानं रचू शकत नाही. तात्यांना जन्मठेप झाली. मी मिठी पाहिली नव्हती. ती फ्लोरेन्सची होती.

काल वर्गात मी पुढचं सांगत होते. थोरल्या भावाच्या बाजूच्या लोकांनी कटवाल्यांना राजवाड्याच्या खिडक्यांतून फासावर लटकवलं, त्यांच्या घराण्यातल्या म्हाताऱ्याचं पुरलेलं प्रेत उकरून गळ्यातल्या दोरानं रस्त्यांवरून ओढत नेलं आणि नदीत फेकलं. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मारले ते सगळेच कटात होते का? का नुसते त्या बाजूचे होते म्हणून?" मी म्हटलं, "हे परीक्षेला येत नाही." बाहेर काकू अजून उभी होती.

मी वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं आहे. 'मारणाऱ्याला मी पाहिलं नाही.' खाली आणखी एक ओळ घालायला लावली, तात्या नव्हते असंही मी सांगू शकत नाही. आई ते वाचून म्हणाली, "दिराचं मेंदू फुटलेलं डोकं मी मांडीवर घेतलं व्हतं. आन् तू त्याच्या मारेकऱ्याला सोडवती?" मी म्हटलं, "मारेकरी कोण, ते मला ठाऊकच नाही गं." ती उठून गेली. उद्या सही करायची आहे. केल्यावर या घरात मला कोण वाढेल, ठाऊक नाही. तरी करणार आहे.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, तुम्ही गेल्यावर धाडणार तरी कुठं. खरं तर मी तुमच्यावर ठपका ठेवायलाच बसले होते. पुस्तक तुमचं, गोष्ट तुमची. पण साक्षीच्या सकाळी कोर्टाच्या पायऱ्यांवर तुम्ही मला बाजूला घेतलं होतंत. "खरंच बघितलंस ना? नसंल तर आत्ताच सांग, मी हाय." तुमचे ओठ वाळले होते. मी म्हटलं, "व्हय, बघितलं." मला कोणी पढवलं नव्हतं, धमकावलंही नव्हतं. एवढी मोठी माणसं गप्प राहून माझं ऐकत होती, ते मला आवडलं होतं, आबा.