दादाच्या नावाचं कापड

तीर्थरूप बाबा,
तुमच्या धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे, खोकला गेला, जेवण वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत? हे पत्र मुद्दाम तुमच्या शिलाईच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतेय.

आमच्या कारखान्यातल्या बायका रविवारी एक मोठी गोधडी जोडतात. एड्सने गेलेल्यांच्या आठवणीसाठी घरची माणसं एकेक कापड शिवून पाठवतात, लांबलांबून. काल मी त्यातला एक गठ्ठा सोडला. निळ्या कापडावर आपल्या दादाचं घरातलं नाव होतं, 'भोपळ्या'. खाली त्याच्या चौकटीच्या शर्टाचा खिसा.

शेजारची म्हणाली, "अगं, पांढरीफटक पडलीस! कोण तुझं?"

"भाऊ. पण तो तर काविळीने गेला!"

मग मी कापड उलटं केलं. टीप संपली की तीनदा उलट टाका घालून गाठ आत लपवायची, हे मला तुम्हीच शिकवलंत. बाबा, हे तुम्ही शिवलंय.

तो गेल्यापासून सात वर्षं त्याचं नाव निघालं की तुम्ही भरल्या ताटावरून उठायचात. मला वाटायचं, त्याच्याशी झालेल्या भांडणाचा तुमचा राग अजून गेला नाही. आईलाही कावीळच सांगितलीत ना? मी सुन्न झालेय. रडूसुद्धा येत नाही.

त्याचं कापड मी माझ्या हाताने मधोमध जोडलं. पुढच्या महिन्यात रजा काढून येते. आईला आपण दोघं मिळून सांगू. तोवर दुकानाचं दार लावून एकटे रडत बसू नका.

तुमची,
धाकटी